काँकचे शेवटचे चाळीस किलोमीटर

माझा पासपोर्ट १९ नोव्हेंबर २०२४ ला संपत होता आणि मला फ्रान्सहून परत यायचं होतं ३ ऑक्टोबरला. मला वाटलं, चिक्कार वेळ आहे. भाचीनं फोनवरच सांगितलं, "मावशी, तसं नसतं. परतीच्या तारखेनंतर तीन महिने पासपोर्ट जिवंत हवा." म्हणजे एका खेड्यात दोन रात्री राहण्याच्या तयारीची सुरुवात झाली सांगलीत पासपोर्टच्या रांगेपासून, फेब्रुवारीत.

खेडं म्हणजे काँक. दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेरों जिल्ह्यातलं, डोंगराच्या कुशीत चिकटलेलं मध्ययुगीन गाव. मी एकतीस वर्षं हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवली. ऑक्टोबर २०२२ मध्ये पिएर सुलाज हा चित्रकार १०२ व्या वर्षी गेला, तेव्हा त्याच्यावरचं एक पान माझ्या वाचनात आलं. आयुष्यभर काळा रंग वापरणारा माणूस. आणि त्यानं काँकच्या जुन्या चर्चला १०४ खिडक्या करून दिल्या, त्यात एकही रंग नाही. रंगीत काचांशिवाय चर्च ही कल्पनाच मला पचेना. भाची तुलूझला विमानाच्या कारखान्यात नोकरीला आहे, तिथून काँक नकाशावर वीतभर अंतरावर दिसत होतं. वीतभराची गोष्ट पुढे सांगते.

पासपोर्टचे दीड हजार रुपये, एक पोलीस पडताळणी आणि तीन आठवडे. ४ मार्चला नवा पासपोर्ट हातात आला. इथवर सोपं होतं.

नातेवाइकाकडे उतरणार असाल तर फ्रान्सला एक कागद लागतो, त्याचं नाव 'आतेस्तासियों दाकय'. यजमानानं आपल्या गावच्या मेरीत, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, जाऊन लिहून द्यायचं की ही बाई माझ्याकडे राहणार आहे, तिची जबाबदारी माझी. त्यासाठी भाचीला स्वतःचा राहण्याचा परवाना, घरभाड्याचा करार, पगाराच्या पावत्या, घर किती चौरस मीटरचं, सगळं दाखवावं लागलं. वर तीस युरोंचा सरकारी स्टॅम्प. अर्ज नामंजूर झाला तरी ते पैसे परत मिळत नाहीत. तिला भेटीची वेळ मिळाली २२ एप्रिलची, आणि कागद तयार झाला १३ मे ला. आणि हा कागद मूळ प्रतच लागतो, ईमेलवर आलेली प्रत चालत नाही. तिनं कुरिअर केलं.

ते कुरिअर नऊ दिवस हरवलं. वेबसाइट म्हणत होती 'पोहोचवलं', आणि घरात काही नव्हतं. रोज फोन केला की नवा मुलगा उचलायचा आणि मी नव्यानं सगळं सांगायचे. शेवटी पाकीट निघालं आमच्या गल्लीच्या टोकाच्या झेरॉक्सवाल्याकडे. त्यानं बिचाऱ्यानं ते काउंटरच्या काचेखाली जपून ठेवलं होतं आणि मी जाईन अशी वाट बघत होता! तोवर ६ जूनची व्हिसाची वेळ हातची गेली. ११ जूनपासून शेंगेन व्हिसाचं, म्हणजे फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचं, शुल्क ८० चं ९० युरो झालं. ते नऊ दिवस मला दहा युरोंना पडले. तुम्ही मागवणार असाल तर यजमानाला पाकिटावर तुमचा मोबाइल क्रमांक मोठ्या अक्षरात लिहायला सांगा, आणि व्हिसाची वेळ कागद हातात आल्यावरच घ्या.

उन्हाळ्यात पॅरिसला ऑलिंपिक होतं, त्यामुळे की काय, पुण्याच्या व्हिसा केंद्रात जुलैच्या तारखा उघडायच्या आणि मिटायच्या. मी पहाटे साडेपाचला उठून बघायचे, तसंही उठतेच. ९ जुलै, मंगळवार, सकाळी सव्वादहा मिळाली.

पेन्शनरांसाठी खास सांगते, कारण मला हे कुठे सापडलं नव्हतं. नोकरदारांना रजेचं पत्र लागतं. आपल्याला ते देणारं कुणी नाही. मी पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, प्रत, पेन्शन जमा होणाऱ्या खात्याचं सहा महिन्यांचं बँकेच्या शिक्क्याचं स्टेटमेंट आणि तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं लावली. माझा पीपीओ मराठीत होता, त्याचं इंग्रजी भाषांतर करून नोटरी करून घेतलं. शिवाय एका कागदावर साधं पत्र लिहिलं: मी कोण, कशाला जाते, घर कुणाच्या नावावर आहे, परत का येणार. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा आणि तो जाण्यापासून परतीपर्यंतच्या सगळ्या दिवसांचा हवा. साठीपुढच्या वयाला तो मला २,९०० रुपयांना मिळाला. विमानाचं तिकीट मात्र आधी काढू नका, नुसतं आरक्षण दाखवलं तरी चालतं.

एक गोष्ट भाचीनं आधीच हेरली होती. आतेस्तासियों तुलूझच्या घराचा, पण १७ आणि १८ सप्टेंबरला मी तिथे नसणार. त्या दोन रात्रींचं काँकच्या खोलीचं बुकिंग वेगळं जोडलं. काउंटरवरच्या मुलीनं नेमकं तेच विचारलं.

बोटांचे ठसे घेताना माझा उजवा अंगठा उमटेना. तीन वेळा पुसला. "खडू," मी म्हटलं. त्या मुलीला काही कळलं नाही.

नियमानं निर्णय पंधरा दिवसांत होतो, गरज पडल्यास पंचेचाळीसपर्यंत लांबतो. माझे एकवीस दिवस गेले. त्या एकवीस दिवसांत मी घरातली सगळी कपाटं आवरली, दोनदा. ३० जुलैला पाकीट आलं, आणि ते उघडायच्या आधी मी चहा टाकला. नकार आला असता तर निदान चहा तरी तयार असावा म्हणून. नकार नव्हता. १ ऑगस्टला तिकीट काढलं, मुंबई–पॅरिस–तुलूझ, जाऊन-येऊन ७१,००० रुपये.

गौरी-गणपती सोडून जाणं जमणार नव्हतं. १२ सप्टेंबरला गौरींबरोबर गणपतीही बोळवला आणि १४ ला रात्री निघाले. पॅरिसच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं फक्त एवढंच विचारलं, कुठे राहणार. मी आतेस्तासियों पुढे केला. तो कागद हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत घालून सामानात देऊ नका. माझ्या शेजारच्या खिडकीवर एक काका नेमके तिथेच अडकले होते.

आता ते वीतभर अंतर.

तुलूझहून रोदेझपर्यंत आगगाडी जाते, सव्वादोन-अडीच तासांची. तिकीट तीस युरोच्या आत मिळालं. डावी-उजवी दोन्हीकडे बघत राहावं असा हा मार्ग आहे. आल्बीचं विटांचं लालसर कॅथीड्रल लांबून दिसतं. पुढे व्हिओर नदीवरचा १९०२ सालचा पोलादी पूल येतो, पाण्यापासून ११६ मीटर उंच, आणि गाडी त्यावर हळू होते तेव्हा डब्यातले सगळे गप्प होतात. पण रोदेझपासून काँक आणखी चाळीस किलोमीटर. आम्ही बघितलं तेव्हा माझ्या गाडीला जुळेल अशी एकही बस नव्हती. भाची म्हणाली, शनिवारी मी गाडीनं सोडते. पण २१–२२ सप्टेंबरला फ्रान्सभर वारसा दिनांचा शनिवार-रविवार होता, तेव्हा काँकला जत्रा असणार. मला मधल्या वारी, रिकामं गाव हवं होतं. शेवटी खोलीच्या मालकिणीनंच एक टॅक्सीवाला सांगितला. पंचाण्णव युरो. रुपयांत हिशेब केला आणि लगेच थांबवला. दोघं-तिघं असाल तर परवडतं. एकटे असाल तर परतीची युक्ती खाली आहे.

१७ तारखेला, मंगळवारी, रोदेझला दुपार मोकळी ठेवली होती. सुलाज इथलाच, १९१९ चा जन्म. त्याच्या नावाचं संग्रहालय २०१४ मध्ये उघडलं, गंजलेल्या पोलादाच्या मोठ्या पेट्या ओळीनं ठेवाव्यात तशी इमारत. काँकच्या खिडक्यांची पूर्ण आकाराची रेखाटनं तिथे आहेत. काँकआधी ती बघावीत असं माझं मत, कारण प्रत्यक्ष खिडकीत प्रकाशच एवढा बोलतो की रेषेकडे लक्ष जात नाही. या रेषा पांढऱ्यावर काळ्या, जरा वाकलेल्या. पोरांना मी एकतीस वर्षं सांगत होते, रेष सरळ काढा.

टॅक्सी गावाबाहेर थांबली. आत गाड्या नेत नाहीत. पुढे दगडी फरसबंदी आणि उतार, असा की चाकांची बॅग स्वतःच पुढे पळते आणि परत येताना अजिबात येत नाही. पाठीवरची पिशवी न्या. आणि बुटांचा तळ खडबडीत हवा, पावसात ते दगड शेवाळलेल्या घाटाच्या पायरीसारखे होतात. माझ्या गुडघ्यानं पहिल्या दहा मिनिटांत निषेध नोंदवला. घरं लाकडी चौकटीत माती-दगड भरलेली, छपरांवर शिस्ट दगडाच्या पातळ चकत्या, माशाच्या खवल्यांसारख्या. गाव उताराला शिंपल्यासारखं पसरलंय, त्यावरूनच 'काँक' हे नाव पडलं म्हणतात.

त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. फोनवर सांगलीहून मिरवणुकीचे व्हिडिओ येत होते, ढोल, गुलाल. मी आवाज बंद करून बघत होते, कारण गल्लीत माझ्या पावलांखेरीज काही वाजत नव्हतं.

खोली ७८ युरो, नाश्त्यासह. कमी खर्चात राहायचं तर चर्चला लागून मठाची धर्मशाळा आहे, पण ती आधी पायी यात्रेकरूंसाठी. हे गाव स्पेनमधल्या सांतियागोला जाणाऱ्या जुन्या पायवाटेवर आहे. ल प्वीहून निघालेली माणसं सुमारे दोनशे किलोमीटर चालून इथे पोहोचतात, पाठीवर शिंपला लटकवून. सगळ्यांनी मला निघताना सांगितलं होतं, "म्हणजे तिकडची वारीच की!" मला नाही तसं वाटलं. वारीत एकटं कुणी चालत नाही, टाळ थांबत नाही. इथे माणसं मुद्दाम एकटी चालतात आणि संध्याकाळी दमल्यावर बोलायला लागतात. सारखे होते ते फक्त पाय. चर्चच्या पायऱ्यांवर बूट काढून फोड तपासणारी माणसं पाहिली आणि वाखरीचा तळ आठवला.

जेवणाचं सांगायलाच हवं. दुपारचं जेवण बारा ते दोन. दोन वाजून दहा मिनिटांनी गेलात तर ब्रेड-चीज खा. मी शाकाहारी आहे. अलिगो नावाचा पदार्थ मिळतो, बटाट्याच्या लगद्यात ताजं चीज आणि लसूण घालून एवढा घोटतात की पळी वर उचलली की हातभर तार येते. त्याबरोबर सॉसेज देतात, ते नको म्हणून आधीच सांगा. फार्सू म्हणजे पालेभाजी आणि अंडं घातलेली धिरडी, पण त्यात कधी मांसही असतं, विचारून घ्या. आणि काहीही विचारायच्या आधी 'बोंजूर' म्हणा. न म्हणता प्रश्न विचारला तर उत्तर मिळतं, पण कसं मिळतं ते अनुभवू नका.

रात्री नऊच्या सुमारास चर्चच्या दारासमोर सगळे जमले. दारावरच्या अर्धवर्तुळात बाराव्या शतकातला अंतिम न्यायाचा देखावा कोरलाय, १२४ आकृत्या. मठातले एक ब्रदर पुढे आले आणि हातात काठी घेऊन एकेक आकृती सांगू लागले, आणि लोक चक्क हसत होते. मला फ्रेंच येत नाही. शेजारी बेल्जियमची एक निवृत्त परिचारिका उभी होती, ल प्वीहून अकरा दिवस चालत आलेली. ती माझ्या कानात इंग्रजीतून सांगत होती. डावीकडे, म्हणजे ख्रिस्ताच्या उजव्या हाताला, स्वर्ग, सगळे शिस्तीत ओळीनं. उजवीकडे नरक, आणि कोरणाऱ्याची खरी मजा तिथे. गळ्यात पैशाची थैली बांधून फासावर लटकलेला कंजूष. घोड्यावरून डोक्यावर आपटणारा गर्विष्ठ सरदार. चोरून शिकार करणाऱ्याला काठीला बांधून सशासारखा प्राणी विस्तवावर भाजतोय. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या माणसाला हे सुचलं! काही ठिकाणी जुन्या रंगाचे ठिपके अजून आहेत.

पण मला आवडले ते कमानीच्या कडेवरचे चौदा 'कुतूहलवाले'. दगडी पट्टीच्या मागे लपून, बोटांनी कड धरून, नुसते डोळे आणि नाक वर काढून खाली काय चाललंय ते बघणारे. वर्गाच्या खिडकीबाहेरून दुसऱ्या वर्गाची शिक्षा बघणारी पोरं, हुबेहूब.

नंतर आत ऑर्गन वाजला. थोडे युरो देऊन वरच्या सज्ज्यात जाता येतं, तिथून खांबांवरची शिल्पं डोळ्यांच्या पातळीवर येतात. पायऱ्या गोल आणि अरुंद आहेत, मी गुडघ्याला समजावून गेले. बाहेर आलो तर अर्धवर्तुळावर प्रकाशानं मूळ रंग टाकलेले, निळे, लाल, पिवळे. सुंदर दिसलं, पण मला मघाचा उघडा दगडच बरा वाटला. हे सगळं उन्हाळी मोसमात होतं आणि दिवसाच्या पर्यटकांना ते दिसत नाही. म्हणून सांगते, एक रात्र तरी राहा. सकाळी अकराला येऊन चारला जाणारे गावाचं पोस्टकार्ड बघून जातात.

दुसऱ्या दिवशी खजिना पाहिला, तिकीट सात युरोच्या आत. इथली देवी सेंत फ्वा. आजँ गावची बारा-तेरा वर्षांची मुलगी, ३०३ च्या सुमारास धर्मासाठी मारली गेली. तिचे अवशेष ८६६ मध्ये काँकच्या एका साधूनं आजँहून पळवून आणले. हे चर्चवाले मोकळेपणानं सांगतात, चोरीला त्यांच्याकडे पवित्र शब्द आहे. काचेमागे तिची मूर्ती, पाऊण-एक मीटर उंच, लाकडावर सोन्याचा पत्रा, अंगभर रत्नं, सिंहासनावर ताठ बसलेली. चेहरा मुलीचा नाहीच, तो जुन्या रोमन काळातला सोन्याचा मुखवटा आहे. अकराव्या शतकात बर्नार नावाचा, आंजे या दुसऱ्याच गावचा विद्वान आला, आणि मूर्तीपुढे लोक लोटांगण घालताना बघून त्याला हे मूर्तिपूजेचं थोतांड वाटलं. पुढे त्याचं मत फिरलं आणि त्यानंच तिच्या चमत्कारांची पोथी लिहिली. त्यात ही देवी बायकांच्या स्वप्नात येऊन त्यांच्या बांगड्या-अंगठ्या मागते आणि मिळेपर्यंत पिच्छा सोडत नाही. तिथे उभी राहून मला हसू आलं. आमच्याकडे नवस फेडला नाही म्हणून स्वप्नात येणाऱ्या देवी काय थोड्या आहेत. माझे हात आपोआप जोडले गेले. पहारेकरी बाईंनी बघितलं आणि मान हलवली.

फ्रेंच क्रांतीत सोनं वितळवायला नेतील म्हणून गावकऱ्यांनी हा खजिना घराघरांत, बागांत लपवला आणि नंतर सगळा परत आणून दिला. चर्च मात्र पडायला आलं होतं. १८३७ मध्ये स्मारकांचा निरीक्षक म्हणून आलेला लेखक प्रॉस्पेर मेरिमे ते पाहून गेला, त्यानं अहवाल दिला म्हणून दुरुस्ती झाली.

खिडक्यांसाठी मी तीन वेळा गेले, सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी सहा. सुलाज शाळकरी वयात इथे आला होता आणि इथेच चित्रकार व्हायचं ठरवलं, असं तो सांगायचा. १९८७ ते १९९४ त्यानं या काचांवर काम केलं, तुलूझच्याच एका काचकारागिराबरोबर. काच पारदर्शक नाही, दुधाळ आहे. बाहेरचं झाड दिसत नाही, फक्त उजेड आत येतो, आणि तो जागच्या जागी गाळला गेल्यासारखा वेगळा होतो. सकाळी उत्तरेची बाजू निळसर होती. संध्याकाळी पश्चिमेच्या काचा फिकट नारिंगी. रंग एकही लावलेला नाही. मी जलरंग नेले होते. चार कागद खराब केले. पाचव्यावर फक्त काळ्या रेषा काढल्या आणि कागद तसाच सोडला, तो त्यातल्या त्यात जवळ आला.

संध्याकाळी ती बेल्जियमची बाई परत भेटली, दुसऱ्या दिवशी पुढे निघणार होती. तिनं सांगितलं, दरीतला पूल ओलांडून समोरचा डोंगर चढलं की सेंत फ्वाचं छोटं देऊळ आहे, तिथे घंटा आहे, वर पोहोचलेला प्रत्येकजण ती वाजवतो आणि गावात ऐकू येते. म्हणाली, "तुझ्यासाठीही एकदा वाजवीन." माझा गुडघा तो डोंगर चढणार नाही हे तिला न सांगता कळलं होतं.

परतीची युक्ती: यात्रेकरूंच्या जड पिशव्या एका मुक्कामावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या व्हॅन मोसमात रोज धावतात. जागा असेल तर प्रवासीही घेतात. आदल्या दिवशी फोन करावा लागतो, मालकिणीनं केला. टॅक्सीच्या पाव पैशांत काम झालं, फक्त मध्ये दोन गावांत पिशव्या उतरवत गेलो.

१९ तारखेला, गुरुवारी, सकाळी मी गावाच्या वरच्या टोकाला उभी होते. धुकं दरीत अडकलं होतं. व्हॅन दहा मिनिटं लवकर आली. ड्रायव्हर पिशव्यांच्या चिठ्ठ्या वाचत असताना समोरच्या डोंगरातून घंटा वाजली, एकदा, आणि जरा थांबून पुन्हा एकदा. त्यानं मान वर करूनही बघितलं नाही, माझी पिशवी उचलून आत टाकली आणि विचारलं, "रोदेझ?"